आंब्याच्या खोक्यातली गिटारवादक आणि सोशल अँग्झायटी

‘बोच्ची द रॉक!’ ही २०२२ साली आलेली बारा भागांची जपानी अ‍ॅनिमे मालिका कॉलेजची बरीच मुलं पाहतात. तिची नायिका हितोरी गोतो शाळकरी मुलगी आहे. घरातल्या कपाटात बसून ती वर्षानुवर्षं रोज तासन् तास गिटार वाजवते. टोपणनावानं इंटरनेटवर टाकलेल्या तिच्या व्हिडिओंचं कौतुकही होतं. पण चारचौघांत तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. बँडमध्ये पहिल्यांदा वाजवायची वेळ येते तेव्हा ती आंब्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात शिरून वाजवते, आणि एरवीपेक्षा वाईट वाजवते.

ही विनोदी मालिका आहे, आजाराचं पाठ्यपुस्तक नव्हे. तरी ते खोकं मी पालकांना समजावताना वापरतो, कारण सोशल अँग्झायटी डिसऑर्डर त्यातून चटकन कळतो.

लाजाळूपणा हा स्वभाव आहे. लाजाळू मूल नव्या ठिकाणी थोडा वेळ गप्प बसतं, मग रुळतं. सोशल अँग्झायटीत ‘लोक माझ्याकडे बघतायत, मला हसतील’ ही भीती महिनोन् महिने टिकते आणि त्यापायी रोजचं जगणं अडतं. अभ्यास येत असूनही ओरल्सना दांडी मारली जाते. पीएमपीच्या गर्दीत ‘पुढच्या स्टॉपला उतरायचंय’ एवढंही म्हणवत नाही, म्हणून दोन स्टॉप पुढे जाऊन चालत परत यावं लागतं. छाती धडधडते, हात थरथरतात, चेहरा लाल होतो. आणि हे कुणाला दिसेल का, याचीच आणखी धास्ती. सुरुवात बहुधा किशोरवयात होते. घरचे त्याला ‘शिष्टपणा’ म्हणतात, म्हणून उपचाराला वर्षं उलटतात.

आता खोक्याकडे. भीती टाळण्यासाठी माणूस ज्या छोट्या युक्त्या करतो, त्यांना सुरक्षा-वर्तन म्हणतात. मान खाली घालून बोलणं, कानात सतत इअरफोन, मोबाइलमध्ये डोकं, प्रत्येक वाक्य मनात दहा वेळा घोटून मगच बोलणं, किंवा आईला फोन करायला सांगणं. त्या क्षणी बरं वाटतं, पण दोन तोटे होतात. एक, ‘खोकं होतं म्हणून वाचलो’ असं मन शिकतं आणि भीती खरी होती का, हे तपासलंच जात नाही. दुसरा, सगळं लक्ष स्वतःवर राहतं. हितोरीचं वाजवणं बिघडतं ते याच कारणानं, असं मला वाटतं: साथीदारांकडे पाहिल्याशिवाय ताल जुळायचा कसा? म्हणून ‘अजून घरी सराव कर, आत्मविश्वास येईल’ हा सल्ला अशा मुलांना फारसा उपयोगी पडत नाही. कौशल्य असतंच. सराव हवा तो माणसांचा.

तोच सराव कॉग्निटिव्ह बिहेव्हियर थेरपीत करून घेतात. भीतीची पायऱ्यांमध्ये उतरंड लावायची आणि घाबरत घाबरतच एकेक पायरी चढायची. भीती जाण्याची वाट पाहायची नाही. पुण्यात सोय चांगली आहे. गणपतीआधी काही आठवडे नदीपात्राजवळ ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. ओळीत पंचवीस ढोल असताना एकट्यावर नजर नसते, ही खालची पायरी. सरावानंतर चहाला थांबून दोघांशी बोलणं ही त्यावरची. नवीन मुलांना ठेका समजावून सांगणं बरीच वरची. मात्र पथकात जाऊन कुणाशीच न बोलता घरी येत राहिलं, तर ढोलही खोकंच ठरतो. आठवडाभर एकाच पायरीवर राहिलात तरी चालेल.

मालिकेतली किकुरी हिरोई ही बेसवादक सतत प्यायलेली असते. ते विनोदी वाटतं, पण भीती दाबायला दारूचा आधार घेणं सोशल अँग्झायटीत नेहमी दिसतं, आणि त्यातून व्यसन हा दुसरा आजार जडतो. कार्यक्रमाआधी ‘एकच पेग’ हीदेखील सवय होऊ देऊ नका.

त्रास जास्त असेल तर एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारखी औषधं डॉक्टर देतात. गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती मनाने बंद करायची नसतात. फक्त स्टेजपुरती थरथर असेल तर प्रोप्रॅनोलॉल कधी कधी चालतं. पण दमा असलेल्यांना ते धोक्याचं, त्यामुळे मित्राची गोळी घेऊ नये.

पालकांसाठी एकच अवघड काम आहे. पाहुण्यांनी मुलीला प्रश्न विचारला की तुम्ही उत्तर देऊ नका. दहा सेकंद थांबा. ती फार लांब वाटतील. तिला सर्वांसमोर ‘गाऊन दाखव’ म्हणून ढकलूही नका. कोणती पायरी कधी, हे तिला ठरवू द्या.

मूल कॉलेज टाळू लागलं, किंवा जगणं नकोसं झाल्याचं बोललं, तर थांबू नका. ससूनच्या मानसोपचार ओपीडीत दाखवता येतं. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. फोन करणंच जमत नसेल, तर पहिला फोन घरच्यांनी लावावा. या एका बाबतीत त्याला हरकत नाही.