मोरपिसांचा टोप आणि गोंडी भाषा

नांदेड जिल्ह्यात किनवट आणि माहूर हे दोन तालुके आहेत. हा मुलूख डोंगराचा आणि रानाचा. सागवान, मोह, पळस ही इथली झाडे. गोंड, कोलाम, परधान, आंध हे आदिवासी लोक इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. किनवट तालुका पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ साली राज्यांची नवी रचना झाली, तेव्हा तो नांदेडला जोडला. हद्द बदलली, पण दोन्हीकडचे सोयरेधायरे तेच राहिले. देव तेच राहिले आणि भाषाही तीच राहिली.

ही भाषा म्हणजे गोंडी. काही लोक तिला मोडकी मराठी समजतात. तसे नाही. गोंडी ही कानडी, तेलुगू, तमिळ यांच्या कुळातली भाषा आहे. उदगीर-देगलूरकडच्या वाचकांना कानडी थोडीफार कळते. कानडीत झाडाला ‘मर’ म्हणतात. गोंडीत ‘मरा’ म्हणतात. बहिणी-बहिणींचा तोंडवळा मिळतो, तसेच हे. २०११ च्या शिरगणतीत देशात २९ लाखांहून जास्त लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा सांगितली.

मग काळजी कशाची?

शाळा मराठीत, बाजार मराठीत, कचेरी मराठीत. पोर शाळेत गोंडी शब्द बोलले की बाकीची पोरे हसतात. मग बाप म्हणतो, “घरीही मराठीच बोल, बाबा.” बापाचा हेतू वाईट नसतो. पण अशाने दोन पिढ्यांत भाषा घरातून निघून जाते. भाषा गेली की रानातल्या झाडपाल्याची नावे जातात, आजीची गाणी जातात, कुळांच्या कथा जातात. मराठी तर यायलाच हवी. पण मावशी घरी आली म्हणून आईला कुणी बाहेर काढत नाही.

कलेने भाषा कशी धरून ठेवली

दिवाळीच्या आधी गोंडांची दंडारी निघते. नाचणारे लोक गावोगाव पाहुणे म्हणून जातात. त्यांत घुसाडी असतात. त्यांच्या अंगाला राख फासलेली, खांद्यावर कातडे, हातात काठी आणि डोक्यावर मोरपिसांचा मोठा टोप. गोंडीत मोराला ‘मल’ म्हणतात, म्हणून टोपाचे नाव ‘मल बूरा’. दंडारीची गाणी गोंडीत असतात. टोप घालायला शिकणारा तरुण गाणेही शिकतो, आणि गाण्याबरोबर भाषा शिकतो. तेलंगणातल्या मारलवाई गावचे कनक राजू यांनी हा नाच पुष्कळ तरुणांना शिकवला. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२४ साली ते वारले.

परधान लोक किंगरी वाजवून गोंडांच्या कुळांच्या कथा सांगत आले. मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे जनगढसिंह श्याम हे परधान. त्यांनी त्याच कथांतली झाडे, हरणे, पाखरे ठिपक्यांनी आणि रेघांनी कागदावर काढली. त्यांच्या मागून त्या गावचे कितीतरी लोक चित्रकार झाले. त्यांतले भज्जू श्याम यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली.

पण एक गोष्ट नीट समजून घ्यावी. नुसते चित्र भाषा वाचवत नाही. शहरातला माणूस चित्र विकत घेतो आणि भिंतीवर टांगतो. चित्रकाराच्या घरी चूल पेटते, हे चांगलेच. पण चित्रातल्या झाडाचे गोंडी नाव कुणी विचारत नाही. चित्राखाली नाव लिहिले आणि ते पोराकडून वाचून घेतले, तर चित्र भाषेच्या कामी येते.

नाव लिहायचे कोणत्या अक्षरात?

१९४३ साली, निजामाच्या राज्यात, हायमेनडॉर्फ नावाच्या अभ्यासकाने मारलवाईला गोंड शिक्षक तयार करण्याचे काम सुरू केले. तेव्हा गोंडी भाषेतली पुस्तके नागरी अक्षरांत काढली. पुढे हे काम मागे पडले.

गोंडीची स्वतःची लिपीही आहे. आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावी जुन्या हस्तलिखित पोथ्या सापडल्या. ती लिपी वाचता येणारी थोडीच म्हातारी माणसे उरली होती. त्यांच्याकडून इतरांनी ती शिकून घेतली. २०१८ साली ती लिपी संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात दाखल झाली. त्याआधी १९१८ साली मंगलसिंह मसराम यांनी गोंडीसाठी आणखी एक लिपी तयार केली होती. म्हणजे गोंडीला अक्षरे नाहीत, असे आता कुणी म्हणू नये.

आपण काय करावे?

आपल्या राज्यघटनेच्या ३५०-क कलमात म्हटले आहे की, लहान मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी. ती सोय आपण मागावी. पण ती होईपर्यंत हात बांधून बसू नये.

आपण आता लिहायला शिकलो आहोत. एक वही घ्यावी. पोराला रानातले एक पान, एक पाखरू काढायला सांगावे. आजीला त्याचे नाव विचारावे आणि ते चित्राखाली लिहावे. गाणे असेल तर गाणेही लिहावे. अशी रोज एक ओळ भरली, तर वर्षात वही भरते.

आमच्या लातूरकडच्या वाचकांच्या गावात गोंड नसतील, पण तांडा असेल. तांड्यावरच्या बाया आरसे लावून जे भरतकाम करतात, त्यातल्या प्रत्येक टाक्याला गोरमाटीत काय म्हणतात, ते विचारून लिहून ठेवावे. आजी आहे तोवरच हे काम होते. आजी गेल्यावर वही कोरीच राहील.