बिनआरशाचा कॅमेरा : त्याचे गुण व त्याच्या मर्यादा

यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत ज्याची तीस वर्षे गेली, त्याने या व्यासपीठावरून कॅमेऱ्याविषयी बोलावे, हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटले असेल. आम्ही छायाचित्रकार नव्हे. आमचे शाळेतील शिक्षण नववीपर्यंत. पुढचे सारे मागाच्या खडखडाटात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. पण एका कॅमेऱ्याने आमचे एक प्रकरण बिघडविले आणि त्यानंतर सभासदांच्या वर्गणीतून कॅमेरा घेण्याची जबाबदारी आमच्यावर आली. दुसऱ्याचा पैसा खर्च करावयाचा म्हणजे वस्तू समजून घेणे भागच पडते. जे समजले ते येथे सांगत आहोत.

प्रकरण २०१८ सालचे. एका शेडमध्ये एका तरुण कामगाराची दोन बोटे मागाच्या दातेरी चाकांत सापडली. चाकांवरचे लोखंडी गार्ड कित्येक महिने काढून ठेवलेले होते. धोक्याच्या भागांवर भक्कम आवरण हवे, असे त्या वेळी लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्याचे २१ वे कलम सांगत होते. आम्ही एका स्नेह्याचा नव्या धर्तीचा, बिनआरशाचा लहान कॅमेरा मागून आणला आणि संध्याकाळी आत जाऊन दहाबारा छायाचित्रे घेतली. उगाच गलका नको म्हणून कॅमेरा 'मूक' ठेवला होता. रात्री पाहतो तो काय, प्रत्येक चित्रावर आडवे काळपट पट्टे, आणि मागाच्या क्रमांकाची पाटी नेमकी एका पट्ट्याखाली! दुसऱ्या दिवशी सकाळी गार्ड जागेवर बसलेले होते. चौकशीत आमच्या चित्रांचा काडीचाही उपयोग झाला नाही. पट्टे का आले ते पुढे सांगू. ते कळण्यासाठी आधी कॅमेऱ्याच्या पोटात डोकावले पाहिजे.

लग्नसमारंभात छायाचित्रकाराच्या गळ्यात जो मोठा कॅमेरा वर्षानुवर्षे दिसत आला, त्याच्या पोटात भिंगामागे तिरका आरसा असतो. भिंगातून आलेला प्रकाश त्या आरशावर पडून वर जातो, तेथील काचेच्या लोलकातून वळतो आणि डोळ्यापर्यंत पोचतो. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, शटर उघडते, प्रकाश मागच्या फिल्मवर पडतो आणि आरसा पुन्हा खाली येतो. आपण जो 'खटॅक' आवाज ऐकतो, त्यात मोठा वाटा या उठाबशीचा. जपानच्या असाही कंपनीने १९५४ मध्ये आरसा आपोआप लगेच खाली येण्याची सोय आपल्या कॅमेऱ्यात केली, १९५९ मध्ये निकॉन एफ आला, आणि पुढची पन्नास वर्षे या घडणीने राज्य केले.

फिल्म जाऊन तिच्या जागी सेन्सर आला तेव्हा खरे म्हणजे आरशाची गरज संपली होती. सेन्सरला जे दिसते तेच विजेच्या मार्गाने एका छोट्या पडद्यावर दाखविता येते. तरीही सवय सुटावयास काही वर्षे लागलीच. २००८ मध्ये पॅनासॉनिकने जी-१ आणला. भिंग बदलता येणाऱ्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांची आजची परंपरा तेथून धरतात. २००९ मध्ये ऑलिंपसने आपल्या कॅमेऱ्याला 'पेन' हे १९५९ सालचे जुने नाव दिले. तो मूळचा पेन छत्तीस चित्रांच्या रिळावर बहात्तर चित्रे काढी. आमच्या खजिनदारांना हा हिशेब फार आवडला. आणि आरसा नसणे ही काही अपूर्वाई नव्हे. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्यातही आरसा नव्हताच.

आरसा काढल्याने पहिला लाभ जागेचा. निकॉनच्या जुन्या कॅमेऱ्यात भिंग बसविण्याच्या कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटर आहे, कारण मध्ये आरसा हलावयास जागा हवी. सोनीच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यात हेच अंतर १८ मिलिमीटर आहे. खोके पातळ झाले ते यामुळे. पण येथेच बहुतेक गिऱ्हाइकांची फसगत होते. दुकानदार भिंगाशिवायचे खोके हातावर ठेवतो. गिऱ्हाईक म्हणते, काय हलके! मात्र भिंग लावल्यावाचून चित्र निघत नाही, आणि भिंगाचा आकार आरशावर फारसा अवलंबून नाही. तो अवलंबून आहे सेन्सरच्या आकारावर आणि भिंगातून किती प्रकाश आत घ्यावयाचा त्यावर.

आकडेच पाहू. आरशाचा निकॉन डी-७५० हा ८४० ग्रॅमचा आणि त्याचे २४-७० चे उत्तम भिंग ९०० ग्रॅमचे. मिळून १,७४० ग्रॅम. बिनआरशाचा सोनी ए-७ मार्क तीन ६५० ग्रॅमचा आणि त्याच तोडीचे भिंग ८८६ ग्रॅमचे, मिळून १,५३६. म्हणजे एवढी क्रांती होऊन पाव किलोही वजन घटले नाही. उलट ऑलिंपसचा ई-एम-१० हा लहान सेन्सरचा कॅमेरा सुमारे ४०० ग्रॅमचा आणि त्याचे साधे भिंग ९३ ग्रॅमचे. मिळून अर्धा किलोही नाही! खरा लहानपणा येतो तो लहान सेन्सरमुळे आणि साध्या भिंगामुळे. आरसा जाण्याने त्याची केवळ वाट मोकळी होते.

आता या लहानपणाची किंमत कोठे मोजावी लागते ते पाहा. मोठा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. ऑलिंपसचा १७.३ बाय १३, म्हणजे सुमारे २२५. जवळजवळ चारास एक हे प्रमाण झाले. दोन शेतांवर सारखाच पाऊस पडला तरी चौपट क्षेत्रावर चौपट पाणी साठते, तसेच प्रकाशाचे आहे. उन्हात मोर्च्याचे चित्र घ्यावयाचे असेल तर हा फरक डोळ्यांना दिसणारही नाही. पण रात्रपाळीच्या शेडमध्ये, जेथे दोन मागांमागे एक नळी मिणमिणत असते, तेथे लहान सेन्सरचे चित्र रवाळ होते. यावर एक उपाय आहे : झूमचा मोह सोडून एकाच अंतराचे पण जास्त प्रकाश घेणारे भिंग लावणे. ऑलिंपसचे २५ मिलिमीटरचे असे भिंग १३७ ग्रॅमचे आहे. फोटोतील माणूस मोठा हवा असेल तर चार पावले पुढे जावे. संघटनेच्या कार्यकर्त्याला चालण्याचे दुःख नसावे.

आता त्या पट्ट्यांचे कारण. या कॅमेऱ्यांत मूक शटर म्हणजे काहीही न हलणारे शटर. सेन्सर स्वतःच आपल्या ओळी वरून खाली एकेक करून वाचतो. पुष्कळ कॅमेऱ्यांत सगळ्या ओळी वाचावयास सेकंदाचा विसावा भाग, कोठे थोडा कमी, कोठे थोडा अधिक, इतका वेळ जातो. आपल्याकडची वीज ५० आवर्तनांची. तिच्यावरचे साध्या चोकाच्या नळीदिवे आणि स्वस्त एल.ई.डी. दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही. पण सेन्सर विसाव्या भागात वरून खाली येईतो दिवा पाच वेळा मंदावतो, आणि आम्ही तर चाके स्थिर दिसावीत म्हणून सेकंदाचा पाचशेवा भाग एवढाच प्रकाशकाल ठेवला होता. मंद क्षणी वाचलेल्या ओळी काळपट आल्या, झाले! याच रीतीने उडता धोटा तिरपा दिसतो आणि फिरत्या चाकाचे आरे वाकडे दिसतात. (हीच लुकलुक कारखान्यात दुसराही घात करते : फिरते चाक थांबल्याचा भास होऊन माणूस हात घालतो. मागाशी काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.) उपाय असा की, दिव्याखाली यांत्रिक शटर वापरावे आणि प्रकाशकाल शंभरावा किंवा पन्नासावा भाग ठेवावा, म्हणजे प्रत्येक ओळीला दिव्याचे पुरे आवर्तन मिळते. सगळ्या ओळींचा प्रकाश एकाच क्षणी टिपणारा सोनी ए-९ मार्क तीन २०२३ च्या अखेरीस जाहीर झाला खरा. परंतु त्याच्या किमतीत आमच्या संघटनेचे वर्षभराचे भाडे भागेल.

मूकपणा हा दोष आहे असे मात्र नव्हे. सभेत, दवाखान्यात, शोकाच्या घरी त्याची किंमत कळते. मोठा कॅमेरा रोखला की आमचे कामगार बंधू छाती काढून उभे राहतात, नाहीतर तोंड लपवितात. लहान कॅमेऱ्यापुढे ते बोलत राहतात.

डोळ्याजवळच्या नेत्रिकेत चित्र जसे येणार तसेच आधी दिसते, काळे असेल तर काळे, हा या जातीचा आणखी एक मोठा गुण. चाळिशी लागलेल्या माणसाला पाटीवरची अक्षरे नेत्रिकेत मोठी करून पाहता येतात. पातळ खोक्यामुळे मध्ये एक कडे लावून जुनी भिंगेही बसविता येतात. आमच्या गल्लीतील फोटो स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालकांनी आम्हांस ५० मिलिमीटरचे आट्यांचे जुने भिंग दिले. लहान सेन्सरवर ते १०० सारखे वागते. हाताने नेम साधावा लागतो, पण ओळखपत्रांसाठी चेहरे त्यावर फार सुरेख येतात.

उणिवाही दोन-तीन आहेत. सेन्सर आणि पडदा सतत जागे असल्याने बॅटरी लवकर संपते. आरशाचा मध्यम कॅमेरा एका बॅटरीत आठशे-हजार चित्रे देई. लहान बिनआरशाचे पुष्कळसे कॅमेरे तीनशे-चारशेवर थांबतात. दुसरी बॅटरी किमतीत धरूनच हिशेब करावा. भिंग काढले की बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर उघडा पडतो, आणि मागाच्या शेडमध्ये कापसाचे तूस हवेत तरंगतच असते. म्हणून शेडमध्ये भिंग बदलू नये. बाहेर येऊन, कॅमेऱ्याचे तोंड खाली करून बदलावे.

तिसरी गोष्ट टिकावाची. एका कंपनीचे कडे पत्करले की पुढची भिंगेही त्याच कड्याची घ्यावी लागतात. सॅमसंगने २०१० मध्ये आपली मालिका काढली आणि काही वर्षांतच धंदा गुंडाळला. निकॉनची २०११ सालची 'वन' मालिका २०१८ मध्ये बंद झाली. कॅमेरे चालू राहिले, पण नवी भिंगे आली नाहीत. ज्या कड्याला एकाहून अधिक कंपन्यांची भिंगे बसतात ते बरे.

मग खिशात फोन असताना हे सारे कशाला, असे आमच्या कार्यकारिणीतच विचारले गेले. प्रश्न योग्य होता. दिवसाउजेडी, पत्रकासाठी, तातडीने धाडण्यासाठी फोनच घ्यावा. परंतु अंधारात फोन अनेक चित्रे एकत्र करून, रवा पुसून, आपल्या अकलेने एक चित्र बनवितो. त्यात पाटीवरची बारीक अक्षरे पुसटतात. कॅमेऱ्यात मूळ नोंद जशीच्या तशी ठेवता येते.

छायाचित्राने कामगारांचे काम कसे होते याचा आमचा आदर्श अमेरिकेचा लुइस हाइन. १९०८ पासून त्याने नॅशनल चाइल्ड लेबर कमिटीसाठी गिरण्या-खाणींतून राबणाऱ्या मुलांची चित्रे घेतली, तीही काचेच्या प्लेटांच्या अवजड कॅमेऱ्याने. परंतु तो प्रत्येक मुलाचे वय, काम, जागा टिपून ठेवी. मुलाची उंची तो आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून ताडी, असे सांगतात.

आम्ही शेवटी ई-एम-१० जुना घेतला, २५ चे भिंग घेतले, दोन बॅटऱ्या घेतल्या. कार्यकारिणीत सात विरुद्ध चार मते पडली. चौघांना मोठा कॅमेरा हवा होता, कारण तो 'दिसतो'. कॅमेऱ्याबरोबर एक वही ठेवली आहे : तारीख, वेळ, माग क्रमांक, दिवा कोणता, चित्र कोणी घेतले. मूक शटरच्या खुणेवर आम्ही लाल कागदाचा तुकडा चिकटविला आहे. कॅमेरा सध्या रात्रपाळीच्या एका विणकर मुलीकडे असतो. ती तो जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून नेते.