वगळलेली नोंद

परवा रात्री जेवणं आटोपल्यावर मुलीने आग्रहाने एक माहितीपट दाखवला. ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’, २०१२ सालचा. दिग्दर्शक मलिक बेंजेलूल, स्वीडनचा. इंग्रजी गाण्यांतलं मला काय कळणार, असं पुटपुटत बसलो आणि शेवटपर्यंत उठलो नाही.

अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा गायक सिक्स्टो रॉड्रिग्ज. १९७० आणि १९७१ साली त्याच्या दोन लाँगप्ले तबकड्या निघाल्या. तिकडे त्या जवळजवळ कुणीच घेतल्या नाहीत. तो मुकाट्याने घरांच्या पाडकामावर मजुरीला लागला. पण वर्णभेदामुळे जगापासून तुटलेल्या दक्षिण आफ्रिकेत तीच गाणी गोऱ्या तरुणांना तोंडपाठ झाली. त्याने म्हणे रंगमंचावरच जीव दिला, अशी वदंता. अखेर दोन चाहत्यांनी चिकाटीने शोध घेतला. १९९७ साली कळलं, माणूस जिवंत आहे! १९९८च्या मार्चमध्ये तो केपटाऊनला गायला उभा राहिला, तेव्हा आमच्या सौ.नी पदर डोळ्यांना लावला.

बँकेत जन्म गेल्यामुळे मला मात्र दुसराच प्रश्न पडला. इतक्या तबकड्या खपल्या, मग पैसे कुणाच्या खात्यात जमा झाले? चित्रपटातही हे विचारलं जातं. कंपनीचा जुना मालक भडकतो. हिशेब लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीनेच आणखी माहिती काढली. रॉड्रिग्ज ऑस्ट्रेलियातही लोकप्रिय होता. १९७९ आणि १९८१ साली त्याने तिथे दौरे केले होते. चित्रपटात त्याचा उल्लेखच नाही.

“म्हणजे सिनेमा खोटा का हो, बाबा?” तिने विचारलं.

मी गप्प झालो. बँकेत असताना अशा ताळेबंदावर मी सही केली नसती. पण कादंबरीकार म्हणून? माझ्या पहिल्या कादंबरीत वडिलांचे हलाखीचे दिवस आहेत. त्या दिवसांत धाकटे काका दरमहा मनिऑर्डर पाठवत. ती मी वगळली. एकट्याने झुंजणारा माणूस वाचकांना अधिक भावतो ना! काकांनी पुस्तक वाचलं आणि एवढंच म्हणाले, “छान लिहिलंयस.” त्यांच्या त्या दोन शब्दांवर मी कितीतरी दिवस खूश होतो.

या माहितीपटाला २०१३ साली ऑस्कर मिळालं. दिग्दर्शक २०१४ साली गेला, तर रॉड्रिग्ज ऑगस्ट २०२३ मध्ये, एक्क्याऐंशीव्या वर्षी. त्याची गाणी जगभर पोचली, ती या चित्रपटामुळेच. तेव्हा चित्रपट जरूर बघा, घरातल्या सगळ्यांनी मिळून बघा. खोटा नाही तो, अपुरा आहे.

“अपुरा आहे, बेटा,” मी मुलीलाही तेच सांगितलं आणि मग तिला काकांच्या मनिऑर्डरची गोष्ट सांगितली. काका जाऊन बरीच वर्षं झाली. घरात ती आजवर कुणालाच ठाऊक नव्हती.