शाळेत समुपदेशक कशाला हवा?

‘एवढ्याशा पोरांना कसलं आलंय टेन्शन?’

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या सुमारे ७.३ टक्के मुलामुलींमध्ये मानसिक विकार आढळले. मूल ‘मला उदास वाटतंय’ असं क्वचितच सांगतं. शाळेची रिक्षा दारात आली की त्याच्या पोटात दुखू लागतं, वही कोरी राहते, एरवी शांत असलेलं पोर धाकट्यावर हात उगारतं. घरचे त्याला नाटकं म्हणतात, वर्गात तो आगाऊपणा ठरतो.

‘शिक्षक आहेतच की, वेगळा माणूस कशाला?’

हा गैरसमज सगळ्यात चिवट, कारण तो व्यवहारी वाटतो. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात त्याची कसून तपासणी झाली आहे. गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेने ७४ सरकारी माध्यमिक शाळांमध्ये ‘सेहर’ उपक्रमाचा अभ्यास केला. काही शाळांत तो शिक्षकांकडे सोपवला, काहींत खास त्यासाठी नेमलेल्या समुपदेशकाकडे, तर काहींत राबवलाच नाही. परिपाठाच्या वेळी मनाच्या आरोग्यासारख्या विषयांवर बोलायचं, भित्तिपत्रक लावायचं, मनातलं लिहून टाकायला एक पेटी ठेवायची, आणि गरज असेल त्या मुलाशी एकांतात बसून बोलायचं, असं कामाचं स्वरूप. २०१८मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. समुपदेशक होते तिथे नैराश्याची लक्षणं, दादागिरी आणि मारामाऱ्या कमी झाल्या. शिक्षकांवर भार टाकला तिथे म्हणावा असा फरक पडला नाही.

यात शिक्षकांचा दोष नाही. शिकवणं, पेपर तपासणं, सर्वेक्षणं आणि ऑनलाइन माहिती भरणं यातून त्यांना उसंत कुठे मिळते? शिवाय ज्यांच्या हातात आपले गुण आहेत, त्यांच्यापाशी मन मोकळं करणं मुलांना जड जात असावं, असं मला वाटतं.

‘खेड्यात मानसोपचारतज्ज्ञ कुठून आणणार?’ याचंही उत्तर नालंदात मिळतं. ते समुपदेशक डॉक्टर नव्हते, या कामाचं प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. गंभीर आजारासाठी तज्ज्ञ लागतोच, पण त्याच्यापर्यंत मूल पोचवायलाही आधी कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं.

‘आत्महत्येबद्दल विचारलं तर नको ते डोक्यात शिरेल.’

असं होत नाही, हे संशोधनातून दिसलं आहे. शांतपणे, थेट विचारा. धोका जाणवला तर मुलाला एकटं सोडू नका. ‘टेली-मानस’ या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मराठीतही बोलता येतं.

आणि समुपदेशक नेमणं ही शाळेची मर्जी, असंही समजू नका. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं. लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडायचा आहे.

सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत हा विषय लेखी मांडा, आणि नेमणूक कधी होणार याची तारीख इतिवृत्तात नोंदवून घ्या.