काळ्याचा आडवाटेचा बचाव : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बुद्धिबळात पहिली चाल पांढऱ्याची असते, आणि तिला उत्तर म्हणून काळा जी ठरावीक मांडणी स्वीकारतो तिला ‘बचाव’ म्हणण्याचा जुना प्रघात आहे. पहिला गैरसमज या शब्दातूनच उपजतो, कारण ‘बचाव’ म्हटले की तटबंदीमागे बसून घाव सोसणारा खेळाडू डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात हा शब्द मांडणी कोणत्या रंगाची आहे एवढेच सांगतो, खेळण्याची वृत्ती सांगत नाही. स्कँडिनेव्हियन बचाव हे याचे सर्वांत उघड उदाहरण होय. पांढऱ्याने राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे ढकलून ई४ या घरावर आणले, की काळा आपल्या वजिरासमोरचे प्यादे डी५ वर आणून पहिल्याच चालीत त्याला भिडतो. (पटावरील उभ्या ओळींना पांढऱ्याच्या डावीकडून उजवीकडे ए ते एच अशी अक्षरे आणि आडव्या ओळींना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ असे आकडे दिलेले असतात, आणि दोहोंच्या जोडीने प्रत्येक घराचे नाव ठरते.)

शिर्डी, राहाता, कोपरगाव या पट्ट्यातील जे विद्यार्थी आता स्पर्धात्मक बुद्धिबळाकडे वळतात, त्यांच्यापुढे सिसिलियन, फ्रेंच किंवा कारो-कान यांसारख्या रुळलेल्या बचावांऐवजी एखादा कमी खेळला जाणारा बचाव शिकावा काय, हा प्रश्न लवकरच उभा राहतो. त्यांच्यासमोरची उदाहरणेही फार दूरची नाहीत. शार्दूल गागरे हे त्यांच्याच जिल्ह्यातील खेळाडू २०१६ मध्ये ग्रँडमास्टर झाले, तर शिर्डीहून सुमारे ९० किलोमीटरवर असलेल्या नाशिकचे विदित गुजराथी यांनी २०१३ मध्ये तो किताब मिळवून पुढे २०२४ च्या कँडिडेट्स स्पर्धेपर्यंत, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरविणाऱ्या स्पर्धेपर्यंत, मजल मारली. मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र बहुधा ऐकीव मतांवर दिले जाते, आणि त्या मतांपैकी काही अर्धसत्य तर काही निखालस चुकीची आहेत.

‘कमी खेळला जातो म्हणजे तो बचाव कच्चाच असणार’ हे त्यांतले सर्वांत प्रचलित मत. स्कँडिनेव्हियन बचावाचा इतिहास पाहिला तर ते टिकत नाही. स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरात १४७५ च्या सुमारास रचल्या गेलेल्या एका कॅटलान काव्यात जो डाव गुंफलेला आहे, तो वजिराला आजची दूरवर धावण्याची शक्ती मिळाल्यानंतरचा, म्हणजे आधुनिक नियमांचा, सर्वांत जुना उपलब्ध डाव मानला जातो, आणि त्यातील काळ्याची पहिली चाल डी५ हीच आहे. पुढे स्वीडनमधील खेळाडूंनी या बचावाचा अभ्यास केला आणि त्यावरून त्याला आजचे नाव मिळाले. १९७९ मध्ये माँट्रियल येथे डेन्मार्कच्या बेंट लार्सन यांनी तेव्हाचे जगज्जेते अनातोली कार्पोव्ह यांना याच बचावाने हरविले, आणि २०१४ च्या ट्रॉम्सो ऑलिम्पियाडमध्ये खुद्द जगज्जेता मॅग्नस कार्लसन याने फाबियानो कारुआना याच्याविरुद्ध तो खेळून डाव जिंकला. तरीही संगणकाचे गणित पाहता पांढऱ्याला येथे मिळणारी आघाडी कारो-कानमधल्यापेक्षा किंचित अधिक दिसते, हेही मान्य केले पाहिजे. पण ती किंचित आघाडी वठवून घेण्यासाठी जे कौशल्य लागते ते जिल्हा पातळीवरील खेळाडूंजवळ क्वचितच असते, आणि त्या पातळीवरचे डाव एका प्याद्याच्या पावपट फरकावर नव्हे तर फुकट गमावलेल्या घोड्या-उंटांवर निकाली निघतात.

कमी खेळले जाणारे सगळे बचाव एकाच मापाचे असतात, असे मात्र नाही. इंग्लंडच्या टोनी माइल्स यांनी १९८० मध्ये स्कारा येथे कार्पोव्ह यांच्या ई४ ला ए६ असे, म्हणजे पटाच्या अगदी कडेचे प्यादे एक घर सरकवून, उत्तर दिले आणि डाव जिंकला, ही घटना खरी असली तरी ती चाल त्यामुळे उत्तम ठरत नाही, कारण ती मध्यभाग पांढऱ्याला आंदण देते. काही बचाव केवळ फॅशन बदलल्यामुळे मागे पडतात आणि काही त्यांच्यात मूलतःच उणीव असल्यामुळे; शिकणाऱ्याने निवड करताना हा भेद आधी तपासावा.

दुसरे मत नियमाच्या रूपात येते : ‘वजीर लवकर बाहेर काढू नये, स्कँडिनेव्हियनमध्ये तो दुसऱ्याच चालीला बाहेर येतो, तेव्हा हा बचाव नियमबाह्य आहे.’ नियम योग्य आहे; पण त्यामागचे कारण विसरून तो लावला की तो अंधश्रद्धा होतो. वजीर लवकर बाहेर काढण्यास हरकत असते ती एवढ्यासाठी की प्रतिस्पर्धी आपला एखादा मोहरा उपयुक्त घरावर आणताना वजिरावर मारा करतो, वजिराला पळावे लागते आणि काळ्याची एक चाल वाया जाते. या वाया गेलेल्या चालीला बुद्धिबळाच्या भाषेत ‘टेम्पो’ गमावणे म्हणतात. स्कँडिनेव्हियनमध्ये पांढरा डी५ वरचे प्यादे मारतो, काळा वजिराने ते परत मारतो, आणि पांढरा घोडा सी३ वर आणून वजिराला हुसकावतो, तेव्हा काळ्याचा एक टेम्पो खरोखरच जातो. त्या बदल्यात पांढऱ्याच्या मध्यभागातील ई-प्यादे पटावरून नाहीसे होते, त्याचा घोडा स्वतःच्याच सी-प्याद्याची वाट अडवतो, आणि काळ्याला अशी मोकळी मांडणी मिळते जिच्यात मोहरे कोठे ठेवायचे हे जवळजवळ ठरलेले असते. सौदा समसमान नाही. पण तो फसवणुकीचाही नाही.

वजीर हुसकावला गेल्यावर त्याने कोठे जावे, हा या बचावाच्या अभ्यासाचा गाभा आहे. परंपरेने तो ए५ वर जातो. अलीकडे डी६ हे घरही लोकप्रिय झाले आहे, आणि डी८ वर, म्हणजे मूळ जागी, परत जाणेही चालते. नवशिका मात्र अनेकदा त्याला सी६ वर नेतो, कारण ते घर सुरक्षित वाटते. तेथे पांढरा आपला उंट एफ१ वरून बी५ वर आणतो आणि वजीर जखडला जातो : तो आणि ई८ वरचा राजा एकाच तिरप्या रेषेत आलेले असल्यामुळे वजिराला ती रेषा सोडता येत नाही, आणि त्याने उंटाला मारले तर सी३ वरचा घोडा वजिराला मारतो. चौथ्या चालीतच वजीर गमावण्याची ही नामुष्की एकदा पटावर मांडून पाहिली की ‘वजीर बाहेर काढू नये’ या नियमाचा खरा अर्थ उमगतो.

ए५ वर वजीर गेल्यावर काळा साधारणतः घोडा एफ६ वर, सी-प्यादे सी६ वर, पांढऱ्या घरांचा उंट एफ५ किंवा जी४ वर आणि त्यानंतरच ई-प्यादे ई६ वर आणतो. येथे क्रमाला महत्त्व आहे. ई६ ही चाल आधी केली तर सी८ वरचा उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडला जातो, आणि फ्रेंच बचाव खेळणाऱ्यांना आयुष्यभर छळणारे दुखणे विनाकारण ओढवून घेतले जाते. सी६ ही चालही नुसती सावधगिरीची नाही : पांढऱ्याचा उंट डी२ वर येऊन बसला आणि सी३ वरचा घोडा उडाला की ए५ वरच्या वजिरावर मारा उघडा पडतो, अशा वेळी सी७ वरचे प्यादे पुढे गेलेले असेल तरच वजिराला सी७ किंवा डी८ पर्यंत माघार घेण्याची वाट मोकळी असते. एवढी कारणे समजलेल्या खेळाडूला पंधरा चालींची पाठांतरे करावी लागत नाहीत.

यावरून ‘असा बचाव आठवड्यात शिकून होतो’ हे तिसरे मत बळावते, आणि त्याला प्रारंभीच्या सापळ्यांच्या चित्रफिती खतपाणी घालतात. पांढऱ्याला डी५ वरचे प्यादे मारण्याची सक्ती नसते. तो ई५ अशी पुढची चाल करू शकतो, घोड्याने ई४ चे रक्षण करू शकतो, किंवा डी४ खेळून ते प्यादे बळी देऊ शकतो, आणि काळ्याला यांतील प्रत्येकाचे उत्तर माहीत असावे लागते. याहून मोठी गोष्ट अशी की स्कँडिनेव्हियन बचाव केवळ ई४ या चालीला लागू पडतो. डी४ ला डी५ असे उत्तर दिले तर तो डाव वजिराच्या प्याद्याच्या घराण्यातला, अगदी वेगळ्या स्वभावाचा होतो. सी४ किंवा घोडा एफ३ या सुरुवातींपुढेही या बचावाचा उपयोग नसतो. स्विस पद्धतीच्या, म्हणजे समान गुणांच्या खेळाडूंची प्रत्येक फेरीत जोडी लावणाऱ्या, सहा फेऱ्यांच्या स्पर्धेत एका खेळाडूला साधारण तीन डाव काळ्या मोहऱ्यांनी मिळतात, आणि त्या तिन्हींत ई४ च खेळली जाईल अशी हमी कोणी देऊ शकत नाही. एका बचावावर महिने घालवून दुसऱ्या चालीपुढे चाचपडणारा विद्यार्थी म्हणूनच पुष्कळदा दिसतो.

‘प्रतिस्पर्धी चकित होतो आणि हरतो’ हे मत आकर्षक आहे, आणि त्याची कसोटी सर्वोच्च पातळीवर लागलेली आहे. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये झालेल्या जगज्जेतेपदाच्या लढतीतील चौदाव्या डावात विश्वनाथन आनंद यांनी गॅरी कास्पारोव्ह यांच्याविरुद्ध स्कँडिनेव्हियन बचाव योजला. सुरुवातीला त्यांना चांगली स्थितीही मिळाली. पण डाव कास्पारोव्ह यांनीच जिंकला, कारण आश्चर्याचा धक्का प्रारंभापुरता असतो आणि मध्यडाव दोघांनाही आपापल्या बळावर खेळावा लागतो. त्याच लढतीत कास्पारोव्ह यांनी सिसिलियनमधील ड्रॅगन ही त्यांच्या नेहमीच्या खेळात नसलेली शाखा काढून अकराव्या आणि तेराव्या डावात विजय मिळविले होते. तेथे आश्चर्य होते, पण त्यामागे सखोल तयारीही होती. आश्चर्यासाठी आडवाटच लागते असेही नाही. २०२४ मध्ये टोरांटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत विदित गुजराथी यांनी काळ्या मोहऱ्यांनी हिकारू नाकामुरा यांना दुसऱ्या फेरीत हरविले तो डाव बर्लिन बचावाचा, म्हणजे आज राजरस्ता झालेल्या मार्गाचा होता, आणि धक्का होता तो अकराव्या चालीत एच३ वर दिलेल्या उंटाच्या बळीचा. याउलट, २००० मध्ये लंडनला व्लादिमीर क्रामनिक यांनी कास्पारोव्ह यांच्याविरुद्ध बर्लिन बचाव काढला तेव्हा तो धूळ खात पडलेला होता. त्या लढतीत कास्पारोव्ह यांना एकही डाव जिंकता आला नाही, आणि काही वर्षांत तीच आडवाट सर्वांची झाली.

नावाभोवती आणखी एक गैरसमज आहे, आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने तो अधिक रंजक आहे. किंग्ज इंडियन, निम्झो-इंडियन यांसारखे बचाव प्राचीन भारतीय ग्रंथांतून आले असावेत असे नावावरून वाटते, तसे नाही. कोलकात्यातील स्कॉटिश बॅरिस्टर जॉन कॉक्रेन आणि महेशचंद्र बॅनर्जी यांच्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झालेल्या डावांत बॅनर्जी काळ्या मोहऱ्यांनी उंट जी७ वर ठेवून खेळत, आणि युरोपला अपरिचित असलेल्या या पद्धतीला पुढे ‘इंडियन’ असे नाव चिकटले. एर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांच्या नावाने १९२२ नंतर ओळखला जाणारा बचावही बॅनर्जी यांनी १८५५ च्या एका डावात खेळून दाखविला होता. देशी नियमांत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाई आणि आजचा किल्लेकोट नव्हता, राजाला त्याऐवजी एकदा घोड्यासारखी उडी घेता येई. अशा खेळात वाढलेल्या माणसाला प्यादी हळूहळू सरकवून मोहरे मागून मांडणे स्वाभाविक वाटले असेल, हा तर्क सयुक्तिक आहे. मुंबईत १८१४ मध्ये त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे जे इंग्रजी भाषांतर युरोपीय नियमांना जुळवून छापले गेले, त्यात मात्र मुख्य भर निर्णायक स्थितींवर होता, म्हणजे मात कशी करावी यावर. प्रारंभाच्या शाखांचे आजचे वेड त्या परंपरेत नव्हते, आणि शिकण्याचा तो क्रम आजच्या शिक्षकांनीही विसरू नये.

‘नवशिक्याने असे बचाव मुळीच शिकू नयेत’ हे शेवटचे मत पहिल्यासारखेच टोकाचे आहे. ई४ ला ई५ असे उत्तर देऊन खुल्या डावांचा वर्षभर सराव केल्यावर, मोहरे फुकट जाण्याचे प्रमाण आटोक्यात आले की स्कँडिनेव्हियन बचाव शिकण्यास कोणतीही आडकाठी नसावी. त्याआधी तो शिकविला तर सराव होतो तो एकाच मांडणीचा, बुद्धिबळाचा नव्हे. अभ्यासाची रीतही साधी आहे : लार्सन आणि कार्लसन यांचे वर उल्लेखिलेले दोन डाव वहीत उतरवून घ्यावेत, प्रत्येक चालीखाली तिचे कारण स्वतःच्या शब्दांत लिहावे, आणि आपल्या हरलेल्या डावांतील नेमकी कोणती चाल त्या कारणांच्या विरुद्ध गेली ते शोधावे. त्या वहीत ई४ चे उत्तर पहिल्या पानावर लिहिणाऱ्याने दुसरे पान डी४ साठी कोरे ठेवावे आणि पुढच्या स्पर्धेला निघण्यापूर्वी तेही भरावे.