वायूचा हिशेब वजनकाट्यावर

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मिथेन वायूसाठी एक आकडा दिला. कचराभूमीवर मिथेनचं प्रमाण स्फोटाच्या किमान मर्यादेच्या २५ टक्क्यांवर जाऊ नये. हवेत ५ टक्के मिथेन जमला की ठिणगीनं भडका उडू शकतो. म्हणजे आपली मर्यादा झाली सव्वा टक्का. पर्यावरण अभियंता म्हणून बरीच वर्षं कचऱ्याच्या डेपोंवर फिरते आहे, आणि हा आकडा मला दर वेळी खटकतो. तिथं राबणाऱ्या माणसाच्या जिवासाठी तो ठीक आहे. पण उघड्या ढिगावर वारा वाहत असतो. नाकात वास बसतो, डोळे चुरचुरतात, आणि तरी यंत्रावर सव्वा टक्का क्वचितच दिसतो. अहवालात ‘मर्यादेत’ असा शेरा पडतो. दिवसभरात एकूण किती वायू वर गेला, हे त्या आकड्यावरून कुणाला विचारताच येत नाही.

मी राहते कोल्हापूरच्या शाहूपुरीत. शाहू महाराजांनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी वसवलेली ही पेठ. गुळाचे सौदे केव्हाच मार्केट यार्डात गेले. आता स्टेशन आणि एसटी स्टँडच्या आधारानं लॉज, खानावळी, चहाच्या गाड्या वाढल्यात. सकाळी टिपर येतो, कचरा उचलतो, आणि तो जातो कसबा बावड्याला, लाईन बझारच्या डेपोवर. अख्खं कोल्हापूर त्या जागेला ‘झूम’ म्हणतं. उन्हाळ्यात तिथं आग लागली की बावडेकरांच्या घरात धूर शिरतो, पेपरात फोटो येतो, आणि पाऊस पडला की विषय बंद होतो.

आमच्या गल्लीत खानावळ चालवणारे एक काका आहेत. त्यांनी एकदा मला विचारलं, “ताई, कचरा शेतात टाकला तरी कुजतोय, डेपोवर टाकला तरी कुजतोय. मग त्यात वायूचं एवढं काय?”

“काका, तुमच्या गावाकडं गोबरगॅस होता न्हवं?”

“व्हय, हाय की अजून.”

“मग डेपो म्हणजे घुमट नसलेला गोबरगॅस समजा.”

शेतात पसरलेल्या पाल्याला हवा मिळते. तो कुजताना मुख्यतः कार्बन डायऑक्साइड सोडतो, आणि तो झाडानं हवेतूनच घेतलेला असतो. दहा-पंधरा मीटर उंच ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही. तिथं बिनहवेचे जिवाणू कामाला लागतात आणि जो वायू निघतो त्यात अंदाजे निम्मा मिथेन असतो. शंभर वर्षांच्या हिशेबानं मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो, वीस वर्षांच्या हिशेबानं ८० पटींच्या आसपास. मात्र हवेत तो टिकतो साधारण बारा वर्षं. म्हणजे आज कमी केला तर त्याचा फरक आपल्या हयातीतच दिसतो. कार्बन डायऑक्साइडबद्दल असं म्हणता येत नाही.

आता आकडेमोड. हवामानबदलावरच्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय संस्थेनं हिशेबाची रीत ठरवून दिली आहे. तिच्यानुसार उंच, उघड्या ढिगात टाकलेला १ टन अन्नाचा कचरा कुजेपर्यंत सुमारे ४० किलो मिथेन देतो. उष्णतेच्या भाषेत सांगायचं तर स्वयंपाकाचे तीन सिलिंडर. हाच ढीग ५ मीटरपेक्षा कमी उंचीचा असेल तर आकडा निम्मा होतो, कारण थोडी तरी हवा आत जाते. आणि तोच १ टन नीट उलथापालथ करून कंपोस्ट केला तर मिथेन साधारण ४ किलो. कंपोस्टचा खड्डा पाणी धरून बसला, कुणी महिनाभर हलवलाच नाही, तर हा आकडा वाढतो; म्हणून ‘खतप्रकल्प’ अशी पाटी बघून मी खूश होत नाही, आत हात घालून ओल बघते.

मिथेनचं नियंत्रण म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पाइप येतात. ढिगावर मातीची टोपी घालायची, विहिरी खोदायच्या, वायू ओढून घ्यायचा. मुंबईत गोराईला हे झालं. २००७ साली तिथं कचरा टाकणं थांबलं, ढीग आकारात आणून झाकला, आणि पाइपांतून येणारा वायू जाळायची सोय केली. जाळल्यावर १ किलो मिथेनचा पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो. २८ च्या जागी पावणेतीन, म्हणजे फायदा मोठाच. पण त्याच मुंबईतल्या दुसऱ्या एका कचराभूमीतून ताशी जवळपास १० टन मिथेन निघतो, असं उपग्रहांच्या मोजणीतून २०२२ साली प्रसिद्ध झालं. त्या अभ्यासात दिल्ली, लाहोर आणि ब्यूनोस आयर्सच्या कचराभूमीही होत्या.

पाइपांची अडचण वेळेची आहे. आपल्यासारख्या उष्ण, पावसाळी भागात अन्नाच्या कचऱ्याची वायू देण्याची अर्धी ताकद पावणेदोन वर्षांत संपते, असं आयपीसीसीचेच आकडे सांगतात. आपल्याकडे डेपो बंद करायचा ठराव, निविदा, कोर्टकज्जे, मग टोपी, हे सगळं पावणेदोन वर्षांत झालेलं मी तरी पाहिलेलं नाही. टोपी बसेपर्यंत शिळा भात आणि भाजीचा पाला आपला वायू सोडून मोकळे झालेले असतात. पाइपांच्या वाट्याला येतात कागद आणि लाकूड. त्यांची गती वेगळी: कागदाची अर्धी ताकद संपायला दहा वर्षं, लाकडाची वीस. २०१९ च्या महापुरात आमची कुंभार गल्ली, व्यापारी पेठ पाण्याखाली होती. तेव्हा भिजलेलं फर्निचर, पुठ्ठे, धान्याची पोती असं किती गेलं डेपोंवर! त्यातलं धान्य केव्हाच संपलं. प्लायवूड अजून बरंचसं कुजायचं बाकी असेल.

२०१६ च्या नियमांनी पाइपांचं कलम घातलंच होतं. वायू वापरा, नाहीतर जाळा, असाच सोडू नका, असं ते सांगतं. आणि लगेच पुढं म्हणतं की दोन्ही शक्य नसेल तर नुसता सोडायला मुभा आहे. शिवाय हे सगळं शास्त्रीय कचराभूमीसाठी. तळाला अस्तर नाही, झाकण नाही, अशा आपल्या डेपोंना ते कलम शिवतसुद्धा नाही.

म्हणून कुणी सल्ला विचारला तर मी वायूपासून सुरुवात करत नाही. डेपोच्या दारातल्या वजनकाट्यापासून करते. ओला कचरा किती आला आणि त्यातला किती ढिगावर गेला, हे दोन आकडे रोज वेगळे लिहा. दिवसाला १०० टन ओला कचरा ढिगावर जात असेल, तर त्या एका दिवसाच्या कचऱ्यातून पुढच्या काही वर्षांत ४ टन मिथेन होणार, हे त्या दिवशीच कळतं. त्याला यंत्र लागत नाही, उपग्रह लागत नाही. नियम करायचाच तर या वजनावर करा, आणि ते दरवर्षी उतरत गेलं पाहिजे असं बंधन घाला. युरोपीय संघानं १९९९ साली हेच केलं: जमिनीत पुरायचा कुजणारा कचरा १९९५ च्या तुलनेत टप्प्याटप्प्यानं ३५ टक्क्यांवर आणायचा. दक्षिण कोरियानं २००५ साली अन्नकचरा थेट पुरायलाच बंदी घातली.

इथं एक गोम आहे. कचरा वाहून नेण्याचं कंत्राट टनावर असेल तर ओला कचरा म्हणजे कंत्राटदाराचा नफा. ओलं जड असतं. एका नगरपालिकेच्या डेपोवर मी वर्गीकरणाचे तक्ते बघत होते, तेव्हा तिथला मुकादम हसून म्हणाला, “म्याडम, आमाला वजनाचं पैसं मिळत्यात, वासाचं न्हाई.” त्याचं चुकलं नव्हतं, कंत्राटाचं चुकलं होतं. वेगळ्या आलेल्या ओल्या कचऱ्याला जास्त दर आणि मिसळलेल्याला कमी, एवढा एक बदल दहा जनजागृती फेऱ्यांपेक्षा जास्त काम करेल असं माझं मत आहे.

दुसरं, मोठ्या प्रमाणावर कचरा करणारे. दिवसाला १०० किलोवर कचरा काढणाऱ्यांना २०१६ च्या नियमांनी वेगळं धरलं. लग्नसराईत एक मंगल कार्यालय एका रात्रीत हा आकडा ओलांडतं. त्यांचा परवाना नूतनीकरणाला येतो तेव्हा ओल्या कचऱ्याची पावती मागा. वेगळं पथक कशाला हवं?

साचलेल्या जुन्या ढिगांचं बायोमायनिंग चालतं, म्हणजे उकरून, हवा देऊन, चाळून काढणं. ते व्हायलाच हवं. पण शेजारी रोज नवा ओला कचरा पडत असेल, तर उजवीकडचा ढीग उतरतो आणि डावीकडचा चढतो, आणि दोन्हींची बिलं निघतात. जो ढीग तूर्त हलवता येत नाही तो पावसाळ्याआधी झाकावा. कचराभूमीसाठी २०१६ च्या नियमांनी ४० ते ६५ सेंटिमीटर मातीचा थर सांगितला होता. त्यावर चांगलं मुरलेलं कंपोस्ट पसरलं तर त्यातले मिथेन खाणारे जिवाणू वर येणाऱ्या वायूचा काही भाग वाटेतच संपवतात. आयपीसीसी याची सूट धरते १० टक्के. फार नाही, पण पाणी आत मुरायचं कमी होतं ते वेगळंच.

आणि शेवटी मोजणी. अमेरिकेत मोठ्या कचराभूमींवर माणूस हातात यंत्र घेऊन तीस-तीस मीटरांच्या अंतरानं चालतो, आणि जमिनीलगत मिथेन दहा लाखांत ५०० भागांवर गेला तर तिथली गळती बुजवावी लागते. २०१६ च्या नियमांतली आपली सव्वा टक्क्याची मर्यादा याच्या २५ पट सैल. असा एक फेरा दर तीन महिन्यांनी आपल्याही डेपोंवर व्हावा. फेरा मारणारा कंत्राटदाराचा माणूस नसावा; जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुलं चालतील, सोबत डेपोला लागून राहणारे दोन-चार जण असावेत. पहिला फेरा फेब्रुवारीत घ्या, आगी सुरू व्हायच्या आत. जिथं वायू जास्त सापडेल ते कोपरे खुणा करून अग्निशमन दलाला दाखवून ठेवा.