रेड वाइन हृदयाला चांगली?

गेल्या महिन्यात रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका माझ्या भुसावळच्या दवाखान्यात तपासणीसाठी आले. त्यांना रक्तदाब आणि मधुमेह, दोन्ही आहेत. उठता उठता हळूच म्हणाले, "डॉक्टर, मुलाने नाशिकहून मालबेकची बाटली आणलीय. रेड वाइन हृदयाला चांगली म्हणतात. रोज एक ग्लास घेऊ ना?"

असा प्रश्न हल्ली अनेकजण विचारतात. म्हणून आज त्याविषयी.

मालबेक ही काळ्या द्राक्षांची एक जात. ती मूळची नैऋत्य फ्रान्समधील काओर भागातली. आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीच्या 'बोर्डो मिश्रणा'चे बोर्डो तिथून फार लांब नाही. १८५३ साली ही जात अर्जेंटिनातील मेंडोझा येथे गेली. आज सर्वांत जास्त मालबेक अर्जेंटिनातच पिकते. रेड वाइनसाठी द्राक्षांचा रस सालींसकट आंबवतात. त्यामुळे सालीतला जांभळा रंग आणि तुरटपणा वाइनमध्ये उतरतो. मालबेकचा रंग विशेष गडद असतो.

भरपूर लोणी आणि चीज खाऊनही फ्रेंच लोकांत हृदयविकार कमी दिसतो, याचे श्रेय १९९१ च्या सुमारास रेड वाइनला दिले गेले. पण सालीतल्या ज्या रेझव्हेराट्रॉलचा गाजावाजा झाला, ते एका लिटर वाइनमध्ये जेमतेम काही मिलिग्रॅम असते. उलट मद्यार्क भरपूर असतो. दीडशे मिलिलिटरच्या ग्लासात सुमारे १६ ग्रॅम, तर व्हिस्कीच्या तीस मिलिलिटरच्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम! मद्यार्कामुळे कर्करोग होऊ शकतो. त्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

काकांना तर आणखी एक धोका होता. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी मद्य घेतले, तर रक्तातील साखर एकदम उतरू शकते. घाम येतो, हातपाय थरथरतात, बोलणे अडखळते. घरच्यांना वाटते, चढली असेल, झोपू द्या. आणि उपचाराची वेळ निघून जाते.

सालीतला तो जांभळा रंग हवाच असेल, तर हंगामात मूठभर जांभळे खावीत. हृदयासाठी औषध वेळेवर घेणे, मीठ कमी करणे आणि रोज चालणे यांना पर्याय नाही. जे घेत नाहीत, त्यांनी औषध म्हणून वाइन सुरू करू नये. जे घेतात, त्यांनी ती गोष्ट निदान डॉक्टरांपासून लपवू नये. काकांनी आधी विचारले, हे फार बरे झाले.